चवथीहून परतले तर टाकीत तळाच्या माशांची भांडणं: गोबी, ब्लेनी एकत्र कसे नांदवायचे?

सुरंगी (म्हापसा), ३ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चवथीला पाच दिवस आम्ही सगळे मूळ घरी होतो. परत आले, पाय धुवायच्या आधी टाकीपाशी गेले आणि पोटात गोळाच आला. माझा पिवळा वॉचमन गोबी ओव्हरफ्लोच्या (पाणी बाहेर जायच्या कप्प्याच्या) मागच्या फटीत उभा अडकल्यासारखा बसलाय. शेपटी फाटलीय, खायला बाहेर येत नाही. जरा पुढे सरकला की लॉनमोवर ब्लेनी खडकावरून तीरासारखा खाली येतो.

टाकी खाऱ्या पाण्याची आहे, माहिती देते. १२० × ४५ × ५० सें.मी., हिशेबाने २७० लिटर, पण खडक-वाळू वजा जाता पाणी २२०च्या आसपास. टाकी १४ महिन्यांची आहे. सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) ३५, तापमान २७ ते २८. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट १०. वाळू बारीक, साखरेएवढी, सगळीकडे ४ सें.मी. लाइव्ह रॉक (जिवाणू-शेवाळ रुजलेला समुद्री खडक) १८ किलो.

मासे आले त्या क्रमाने: क्लाउनफिशची जोडी, लॉनमोवर ब्लेनी (११ महिने झाले), वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत बिळात राहणारी कोळंबी, पिस्टल श्रिम्प (४ महिने), डायमंड गोबी (२ महिने). क्लाउन वर असतात, त्यांची तक्रार नाही. डायमंड गोबी मात्र दिवसभर वाळू तोंडात भरून इकडून तिकडे फेकतो. श्रिम्पच्या बिळाचं तोंड त्याने दोनदा बुजवलं. आणि एवढं करूनही तो स्वतः वाळतोय, पोट आत गेलंय.

विकत घेताना दुकानात सांगितलं होतं की तळाचे मासे शांत असतात, कितीही ठेवा. मला पुढे मँडरिन आणि जॉफिशही ठेवायचा आहे. तळाचे मासे मला मनापासून आवडतात. वरचे मासे नुसते पोहतात, हे घर करून राहतात. पण आता वाटतं मी त्यांना नीट घरच दिलं नाही. काय करू?

---

ओहोटी (वास्को), ३ सप्टेंबर, रात्री ११:१५

सुरंगीताई, घाबरू नका. फाटलेली शेपटी स्वच्छ पाण्यात आणि पोटभर खाण्यावर भरून येते, औषध घालू नका. श्रिम्प असलेल्या टाकीत तांब्याचं औषध तर चुकूनही नको.

तीन गोष्टी आधी सांगा. टाकीला झाकण आहे का? खडक वाळूवर ठेवलाय की तळाच्या काचेवर? आणि चवथीत खाणं कोण घालत होतं?

---

सुरंगी, ३ सप्टेंबर, रात्री ११:३२

काका, झाकण अर्धंच आहे, मागची बाजू उघडी. खडक वाळूवर ठेवलाय. खाणं ऑटोमॅटिक फीडरने, फ्लेक्स, दिवसातून दोनदा.

---

ओहोटी (वास्को), ४ सप्टेंबर, सकाळी ७:०५

रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण सविस्तर लिहायचं म्हणून सकाळवर ठेवलं.

आधी खाण्याचं. फ्लेक्स पाण्यावर तरंगतात. पाच दिवस क्लाउनच्या जोडीने वरच्या वर सगळं संपवलं असणार. तळाच्या माशांना पाच दिवस उपास घडला. त्यात ब्लेनी मुळात शेवाळ खाणारा. ११ महिन्यांत त्याने तुमचा खडक चाटूनपुसून साफ केला असेल. खडक दिसायला स्वच्छ म्हणजे त्याच्यासाठी रिकामं ताट. भुकेला मासा आपली हद्द वाढवतो. एरवी खडक ब्लेनीचा आणि वाळू गोबीची असा दोघांचा व्यवहार ठरलेला असतो, तो उपासात मोडला.

आता घराचं. तळाच्या माशाचं भांडण पाण्यासाठी नसतं, बिळासाठी असतं. तुमचा खडक वाळूवर टेकलाय, त्यामुळे चांगल्या फटी सगळ्या खालीच, खडक आणि वाळू भेटतात तिथे. ब्लेनीलाही तिथलंच भोक हवं, वॉचमनलाही तिथलंच, श्रिम्पही तिथेच खणते. चार फुटांची टाकी असली तरी राहण्याजोगी जागा वीतभर. टाकी किती लिटरची यापेक्षा तळाला एकमेकांना न दिसणारी भोकं किती, हा हिशेब आधी मांडायचा.

आणि खडक वाळूवर ठेवणं धोक्याचं आहे. श्रिम्प रोज खालून वाळू काढते. एक दिवस खडक खचतो आणि खाली मासा असतो. माझ्याकडे हे घडलंय, १९ वर्षांपूर्वी. पहाटे आवाज आला, उठून बघितलं तर एक गोबी गेलेला होता. तेव्हापासून मी खडकाला तळाच्या काचेवर पीव्हीसी पाइपच्या आखूड तुकड्यांचे पाय देतो आणि वाळू नंतर भरतो. मग कितीही खणू देत.

आजच्या आज एवढं करा: ओव्हरफ्लोच्या मागे वॉचमन आहे तिथे लांब ड्रॉपरने किंवा ड्रिपच्या नळीने वितळवलेली मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले मिळतात) थेट त्याच्या तोंडापुढे सोडा, पंप दहा मिनिटं बंद ठेवून. ब्लेनीला त्याच वेळी टाकीच्या दुसऱ्या टोकाला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा चिमट्याला लावून द्या. दोघांची पंगत एकाच वेळी पण दोन टोकांना. आणि मागची बाजू जाळीने झाका. छळ होणारा गोबी उडी मारतो.

---

झुआरीकाठ, ४ सप्टेंबर, दुपारी १:२०

ओहोटीकाकांशी पूर्ण सहमत. थोडी भर घालते, कारण हा माझ्या अभ्यासाच्या जवळचा विषय आहे.

हे मासे आपली जागा डोळ्यांत साठवून ठेवतात. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत राहणारा एक गोबी आहे, बॅथिगोबियस सोपोरेटर. लेस्टर अ‍ॅरन्सन यांनी १९५१ मध्ये त्याच्यावरचं काम प्रसिद्ध केलं. धोका दिसला की हा गोबी एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात बिनचूक उडी मारतो, आणि उडी मारताना त्याला पलीकडचं डबकं दिसत नसतं. भरतीला सगळं पाण्याखाली असताना तो त्या जागेवरून पोहून जातो आणि खोलगट भाग कुठे आहेत ते लक्षात ठेवतो. याच कुळातले गोबी आपल्याकडे हणजुणे-वागातोरच्या खडकांतही आहेत. ओहोटीला डबक्याशेजारी शांत बसून पाहा, सावली पडली की कसे गुडूप होतात.

सांगायचं कारण असं की ११ महिन्यांत तुमच्या ब्लेनीने टाकीचा असाच नकाशा केलाय, आणि त्या नकाशात सगळीच टाकी त्याची आहे. नंतर आलेला वॉचमन त्याच्या लेखी घुसखोर. तो आडवा-लांब, तळाला टेकून बसणारा, आकाराने ब्लेनीसारखाच. क्लाउनकडे ब्लेनी ढुंकून बघत नाही कारण आकार वेगळा, राहणी वेगळी. जितकं साम्य जास्त तितका संशय जास्त.

म्हणून माझा सल्ला: ब्लेनीला बाहेर काढा, खडकांची मांडणी बदला, आणि त्याला सगळ्यात शेवटी नव्याने आत सोडा. जुना नकाशा निरुपयोगी झाला की तोही नवखाच होतो.

---

डिचोली_सहाफूट, ४ सप्टेंबर, दुपारी ३:४८

झुआरीकाठ, तत्त्व पटतं, पण इथे खडक हलवायला माझा विरोध आहे. बीळ त्या श्रिम्पने चार महिने खपून केलंय. पिस्टल श्रिम्पला जवळपास दिसत नाही. ती बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी कायम गोबीच्या अंगावर टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि ती आत पळते. आत्ता गोबी फटीत अडकलाय, म्हणजे ती पहारेकऱ्याशिवाय आहे. अशात घरही मोडलं तर दोघं एकमेकांना परत सापडतीलच याची खात्री नाही. मी एकदा सगळी मांडणी बदलली होती, दोघं टाकीच्या दोन टोकांना महिनाभर वेगळे राहिले. रोज बघून जीव तुटायचा.

बीळ आहे तो कोपरा तसाच ठेवा. बाकीची मांडणी बदला.

आणि डायमंड गोबी मला द्या. मनापासून सांगतो, तो तुमच्याकडे उपाशी मरेल. हा मासा वाळू चाळून त्यातले बारीक जीव खातो. ४ सें.मी. वाळूतले दोन महिन्यांत संपले. शिवाय तो आणि श्रिम्प यांचे धंदे एकमेकांच्या मुळावर आहेत, ती बांधते तिथे हा ओततो. माझ्याकडे सहा फुटी टाकी आहे, वाळू जुनी आणि जाड आहे, एक डायमंड आहे. निसर्गात हे जोडीने राहतात. तुमचा माझ्यापेक्षा लहान असेल तर जुळायची शक्यता चांगली.

---

झुआरीकाठ, ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

बिळाचा मुद्दा मान्य. तो कोपरा सोडून बाकीचं बदला. एक खबरदारी: वाळू उकरताना खालचा थर काळा दिसला आणि कुजक्या अंड्यासारखा वास आला तर थांबा, तो हायड्रोजन सल्फाइड आहे. एका दिवशी एक तृतीयांश भागच हलवायचा, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे, आणि हवेचा पंप चालू ठेवायचा.

ऑक्सिजनकडे विशेष लक्ष द्या. ३५ सॅलिनिटीच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. त्यात वीज गेली की पाण्याची हालचाल थांबते आणि आधी घुसमटतात ते बिळातले, कारण बिळातलं पाणी असंही संथ. समुद्रातही हेच बघायला मिळतं. याच दिवसांत, सप्टेंबर-ऑक्टोबरला, आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन खूपच कमी होतो, पावसाच्या गोड्या पाण्याचा थर वर आणि खोलातून चढून आलेलं जुनं पाणी खाली अशी स्थिती असते. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षं हे मोजत आलीय.

---

सुरंगी, ४ सप्टेंबर, रात्री ९:५५

सगळ्यांचे खूप आभार. वॉचमनने आज ड्रॉपरमधली मायसिस खाल्ली. चार दाणे, पण खाल्ले. ब्लेनीला नोरी लावली तर त्याने तासाभरात फस्त केली, किती भुकेला होता बिचारा. मी त्याच्यावर रागावले होते त्याचं वाईट वाटलं.

डिचोलीकर दादा, डायमंड तुमच्याकडे रविवारी घेऊन येते.

---

रापण (पेडणे), ५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

आमच्या घरी मासेमारीच होते, त्यामुळे खाण्याबद्दल मी बोलू शकतो. फ्रोजन पाकिटं संपली म्हणून अडायची गरज नाही. ताजी सुंगटं (कोळंबी), माणकी (माकूल), तिसऱ्या, थोडी नोरी, हे सगळं बारीक चिरून (वाटून नाही, वाटलं की पाणी गढूळ होतं) झिपच्या पिशवीत पातळ थर करून गोठवायचं. लागेल तेवढा तुकडा मोडायचा, गाळणीत धरून गोड्या पाण्याखाली धुवायचा, मग द्यायचा. धुतल्याशिवाय रस टाकीत गेला तर नायट्रेट वाढतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हाचा साठा मी मे महिन्यातच करून ठेवतो. बाजारातलं सुंगट बर्फात पावडर मारून आलेलं नको, ओळखीच्या माणसाकडून घ्या.

आणि ब्लेनीच्या घराबद्दल: त्याला वर घर द्या. मोठ्या बार्नेकलचं (खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवाचं) कवच मिळालं तर उत्तम, त्यात शेपटीकडून शिरून तोंड बाहेर काढून बसायला त्याला फार आवडतं. नाहीतर कालवाच्या जाड शिंपल्या दोन-दोन जोडून, किंवा पाऊण इंची पाइपचा बोटभर तुकडा खडकाच्या भोकात बसवा. उकळून, घासून, उन्हात वाळवून मगच टाकीत. काचेपासून तळहातभर, टाकीच्या निम्म्या उंचीवर. मासा ज्या उंचीवर झोपतो त्या उंचीवर त्याची हद्द धरतो, हा माझा अनुभव आहे.

---

नवशिका_मडगाव, ५ सप्टेंबर, दुपारी १२:१४

धागा वाचून खूप शिकतोय. मी टाकी सुरू करायच्या बेतात आहे. दोन प्रश्न. मिठागरातलं मीठ वापरून खारं पाणी करता येईल का? आणि खडकांतल्या डबक्यांतले छोटे मासे पकडून टाकीत ठेवले तर? मागच्या आठवड्यात काळे-पांढरे पट्टे असलेल्या लहान माशांचा घोळका दिसला, अगदी इंजिनिअर गोबीसारखे.

---

रापण (पेडणे), ५ सप्टेंबर, दुपारी १:०२

त्या माशांना हात लावू नका!! तो पट्टेदार समुद्री शिंगाळा असणार, प्लोटोसस. पिल्लं गोळा होऊन फिरतात, दिसायला गोजिरी. पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांत विष असतं. जाळ्यात आला तर आम्ही चिमट्याने काढतो. माझ्या चुलत्याचा हात कोपरापर्यंत सुजला होता, दोन दिवस ताप. काटा लागलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचा आणि थेट डॉक्टरकडे जायचं.

---

झुआरीकाठ, ५ सप्टेंबर, दुपारी १:४०

आणि तुम्हाला तो इंजिनिअर गोबीसारखा वाटला यात नवल नाही, इंजिनिअर गोबीची पिल्लं याच विषारी शिंगाळ्याच्या पिल्लांसारखी दिसतात. खुद्द इंजिनिअर गोबीही (तो खरा गोबी नाहीच) छोट्या टाकीत घेऊ नका. बोटाएवढा आणतात, पुढे फूटभर लांब होतो आणि सगळा तळ पोखरून काढतो. तळाला दुसरं कोणी राहूच शकत नाही.

डबक्यांतून काही आणताना कायदाही लक्षात घ्या. सीहॉर्स, पाइपफिश, समुद्रकाकडी, कठीण पोवळी हे सगळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. लहान मुलांच्या हातूनही पकडलं जाऊ नये. आणि निवटी (चिखलात उड्या मारणारा मासा) तर नकोच, तिला चिखल हवा, अर्धा वेळ पाण्याबाहेर राहायला हवं. तिला बघायला चोडणच्या खारफुटीत जा, पुलावरून तासभर बघत बसता येतं.

---

रापण (पेडणे), ५ सप्टेंबर, दुपारी ४:२५

मिठाचं राहिलं. आमचं आगर होतं, म्हणून सांगतो. आगरात पाणी आटत जातं तेव्हा सगळं एकदम खाली बसत नाही. आधी चुना बसतो, मग जिप्सम, आणि मग मीठ धरतं. मॅग्नेशियम बरंचसं मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी आपण सोडून देतो. म्हणजे आगरातलं मीठ पुन्हा पाण्यात विरघळवलं तरी तो समुद्र होत नाही, कॅल्शियम आधीच्याच कोंड्यांत (वाफ्यांत) राहिलेलं असतं. कोळंबीला कात टाकून नवं कवच धरायला तेच लागतं. जेवणाला आगरातल्या मिठासारखं मीठ नाही, पण टाकीला सिंथेटिक सी-सॉल्टच घ्या, आणि आरओचं पाणी. विहिरीचं पाणी आपल्या लाल जांभ्यातून येतं, लोह उतरतं त्यात.

समुद्राचं पाणी आणणार असाल तर जूनपासून निदान ऑक्टोबरपर्यंत मांडवी-झुआरीच्या मुखाजवळचं नको, तेव्हा नदीच वाहत असते. आणि किनाऱ्यावरची वाळू आणू नका. पावसाच्या तोंडावर किनाऱ्यांवर डांबराचे गोळे लागतात हे सगळ्यांनीच पाहिलंय, त्या वाळूत तोंड घालून जगणारा मासा आपण ठेवणार आहोत.

---

सुरंगी, ८ सप्टेंबर, रात्री १०:२०

आज ब्लेनीला पकडलं. जाळीने तीन दिवस दमवलं त्याने. शेवटी रात्री दिवे बंद झाल्यावर, तो भोकात झोपलेला असताना, तो खडकच बादलीत उचलून घेतला. आता तो त्याच टाकीत जाळीदार अ‍ॅक्रिलिक पेटीत आहे, आत पाइपचा तुकडा आणि नोरी. वॉचमन दोन तासांनी फटीतून बाहेर आला. वाळूवरून सरपटत थेट जुन्या बिळाकडे गेला आणि तोंडाशी थांबला. मी श्वास रोखून बघत होते. पंधरा-वीस मिनिटांनी आतून मिशी आली. आधी वाळूवर चाचपली, मग त्याच्या पाठीवर टेकली. मला रडूच आलं.

डायमंड गोबी काल डिचोलीला पोचवला.

---

डिचोली_सहाफूट, ८ सप्टेंबर, रात्री ११:०१

पोचवला आणि सुरंगीताईंनी वाटेत दर पंधरा मिनिटांनी पिशवी उघडून बघितली असं त्यांच्या यजमानांनी सांगितलं :) मासा आधी क्वारंटाइनमध्ये आहे. दोन-दोन घास खातोय. मुख्य टाकीत सोडायला महिना जाईल, घाई करणार नाही.

---

ओहोटी (वास्को), ९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

छान केलंत. आता ब्लेनी पेटीत आहे तोवर मांडणी पूर्ण करा. माझी सूचना अशी. टाकीचे तळाला दोन भाग करा. खाजनाला बांध घालतो तसा चपट्या खडकांचा एक बुटका बांध, वाळूच्या पातळीपर्यंतच. डावीकडे आहे ती बारीक वाळू ४-५ सें.मी. राहू द्या. उजवीकडे पुढेमागे जॉफिश आणायचा असेल तर १२ सें.मी. थर लागेल, आणि तो नुसत्या बारीक वाळूचा नको. बारीक वाळू, जाडी भरड, शिंपल्यांचे तुकडे, बोटाच्या पेराएवढे खडे, सगळं मिसळून. नुसत्या बारीक वाळूत बीळ ढासळतं, जॉफिशला तोंडाने दगड लावून भिंत बांधायची असते. तो बांधताना बघणं हा या छंदातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

पण जॉफिश कोणता, ते नीट बघा. निळ्या ठिपक्यांचा सुंदर दिसतो, मोह होतो. तो कॅलिफोर्नियाच्या आखातातला, त्याला गार पाणी लागतं. आपल्याकडे मे महिन्यात चिलरशिवाय टाकी ३०-३१ वर जाते, आणि पंखा लावून आपल्या दमट हवेत फारसा उतार पडत नाही. त्याला आणून हळूहळू मारण्यात अर्थ नाही. पिवळ्या डोक्याचा कॅरिबियन जॉफिश तुमच्या २७ अंशांत राहील. पहिले काही दिवस रात्री एकदम काळोख करू नका, मंद दिवा राहू द्या, दचकून उडी मारतो. जाळी सगळीकडून बंद हवी, वायरच्या खाचेतूनही निघतो.

---

सुरंगी, ९ सप्टेंबर, दुपारी २:१५

काका, आणि मँडरिन?

---

ओहोटी (वास्को), ९ सप्टेंबर, रात्री ८:४०

मँडरिन कोणाशी भांडत नाही, त्याला बिळाची हाव नाही, अंगावरच्या बुळबुळीत कडू आवरणामुळे कोणी त्याच्या वाटेलाही जात नाही. त्याचा प्रश्न एकच, पोट. दिवसभर खडकावरून एकेक कोपेपॉड (ठिपक्याएवढा पाण्यातला जीव) टिपत फिरतो. दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन काच बघा. पांढरे ठिपके काचेवर जागोजाग धावताना दिसले पाहिजेत. मोजता येण्याइतकेच दिसत असतील तर थांबा. संपमध्ये (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) एक कप्पा वेगळा करून त्यात शेवाळ वाढवा, कोपेपॉड तिथे वाढू द्या. सहा महिने. आणि नर एकच, पाठीवरचा पहिला काटा लांब तो नर.

---

झुआरीकाठ, ९ सप्टेंबर, रात्री ९:१२

या माशाच्या निळ्याबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. बहुतेक माशांचा निळा हा प्रकाशाचा खेळ असतो, त्वचेतल्या बारीक स्फटिकांवरून परावर्तित होणारा. मँडरिनच्या त्वचेत खरोखरचं निळं रंगद्रव्य असतं. पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत हे फारच दुर्मिळ. असा मासा उपाशी ठेवू नये.

---

सुरंगी, २१ सप्टेंबर, रात्री ९:३०

१२ दिवसांचा वृत्तान्त. खडक तीन टप्प्यांत उचलून पाइपच्या पायांवर बसवला, बिळाचा कोपरा सोडून. एका जागी काळा थर लागला, वास आला, तिथे थांबले. रापणदादांनी पाठवलेली बार्नेकलची कवचं तीन ठिकाणी बसवली, एक उजवीकडे वर, एक मध्ये, एक मागे. काल दिवे मालवल्यावर पेटी उघडली.

सकाळी ब्लेनी मधल्या कवचात, तोंड बाहेर काढून. वॉचमन बिळाशी. दुपारी ब्लेनी एकदा खाली उतरला, वॉचमनने तोंड उघडून धमकावलं, ब्लेनी परत वर गेला. पहिल्यांदाच वॉचमन मागे सरला नाही. दोघांमध्ये हातभर अंतर राहतं. नोरी रोज वर, मायसिस रोज खाली.

टॉर्चने काच बघितली. ठिपके मोजले, अकरा. मँडरिन नाही, इतक्यात नाही.

---

डिचोली_सहाफूट, १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४५

सुरंगीताईंचा डायमंड आज मुख्य टाकीत आला, आधी चार दिवस पेटीत. माझा जुना मासा पहिल्या दिवशी पेटीवर तोंड आपटत होता. तिसऱ्या दिवशी पेटीला टेकून झोपला. आज दोघं एकाच खडकाखाली वाळू काढतायत, एक आत, एक बाहेर. पोट भरलंय.

---

सुरंगी, २५ ऑक्टोबर, रात्री १०:०५

दिवाळीला चार दिवस गावी जाऊन आले. या वेळी फीडर बंद ठेवला. शेजारच्या नववीतल्या मुलीला आठवडाभर आधीपासून शिकवलं, रोजच्या मायसिसच्या पुड्या दिवस लिहून फ्रीजरमध्ये ठेवल्या, पंप कधी बंद करायचा ते टाकीवर चिकटवलं. इन्व्हर्टरवर एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) जोडला. एका रात्री दोन तास वीज गेली होती म्हणे.

तिने माझ्यासाठी वहीत लिहून ठेवलंय, रोज कोण कुठे होतं ते. सोमवार: ब्लेनी मधलं घर. मंगळवार: ब्लेनी वरचं घर, श्रिम्पने मोठा दगड ढकलला. बुधवार: पिवळा गोबी दाराशी, शेपटीला नवीन पांढरी कडा आली. खाली तिने प्रश्न लिहिलाय, उजवीकडच्या जाड वाळूत कोणीच का राहत नाही?

जॉफिशसाठी जाळीचं माप उद्या घेते.